‘ओपन’ म्हणजे दार सताड उघडं नव्हे

काल रात्री वहिनीने पालकांच्या ग्रुपवरचा एक लांबलचक मेसेज पाठवला. खाली प्रश्न: ‘भावजी, हे खरं आहे का?’ मेसेजचा सूर असा की डिजिटल पाठ्यपुस्तकं खुल्या मानकांत, म्हणजे कुणालाही वापरता येईल अशा जाहीर, ठरलेल्या साच्यात आणली तर कुणीही धडे बदलेल, पायरसी माजेल. पीडीएफ आहेच, अंध मुलांना ब्रेल आहे, आणि कंपनीच्या ॲपमध्ये पुस्तक ‘आयुष्यभर’ सुरक्षित राहतं.

धडे कुणीही बदलेल? अर्धा इंची नळ कुठल्याही दुकानातून आणा, भिंतीतल्या पाइपला बसतो, कारण आट्यांचं माप ठरलेलं आहे. म्हणून कुणी तुमच्या टाकीत विष कालवतं का? खुलं असतं ते माप. मूळ पुस्तक प्रकाशकाच्याच ताब्यात राहतं.

पायरसीचं तर हसूच येतं. बालभारती स्वतःच पीडीएफ फुकट डाउनलोडला ठेवते.

पीडीएफचा मुद्दा अर्धा खरा आहे, कबूल. २००८ पासून पीडीएफ हे आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं मानक आहे. पण डबा खुला असला तरी आत काय भरलंय? युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला संकेत. त्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मराठीत पडद्यावर ‘पाणी’ दिसतं, संगणकाच्या लेखी मात्र ती रोमन अक्षरं नि चिन्हं असतात. अशा पीडीएफमधली ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपवर चिकटवा, कचरा उमटेल. शोधायला गेलात तर शब्द सापडत नाही.

आणि हाच कचरा अंध मुलाच्या कानात जातो! स्क्रीन रीडर, म्हणजे मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, पडद्यावरचा आकार बघत नाही, आतला संकेत वाचतो. ‘ब्रेल आहे की’ म्हणणाऱ्याने ब्रेल कसं तयार होतं ते एकदा विचारावं. तेही आता संगणकातल्या मजकुरावरूनच होतं; मजकूर असा असेल तर कुणीतरी अख्खं पुस्तक पुन्हा टाइप करत बसायचं. दृष्टिहीनांसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती करू देणाऱ्या मराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता दिली ती भारताने. परवानगी आहे हो, वापरता येईल असा मजकूर कुठाय? युनिकोडमधलं, नीट बांधलेलं ईपब (ई-पुस्तकांचं खुलं मानक) दिलं तर तेच पुस्तक वाचून दाखवता येतं, अक्षर मोठं करता येतं, ब्रेलमध्येही नेता येतं.

राहिलं ‘आयुष्यभर’. मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१९ मध्ये ई-पुस्तकांचं दुकान गुंडाळत असल्याचं जाहीर केलं आणि जुलैपासून लोकांनी विकत घेतलेली पुस्तकं उघडेनात. पैसे परत दिले, टिपा काढलेल्यांना वर २५ डॉलर. टिपा गेल्याच. गंमत म्हणजे ती पुस्तकं ईपबच होती, पण त्यांना कंपनीचं कुलूप होतं. एवढ्या मोठ्या कंपनीची ही तऱ्हा, तर तुमच्या ॲपवाल्यांचं काय घेऊन बसलात!

वहिनी, ॲपची वर्गणी भरायचीच तर एका वर्षाची भरा. आणि आधी त्यांना विचारा, छोटीने काढलेल्या टिपा ॲपबाहेर नेता येतात का. उत्तर लेखी घ्या.