चेन जितकी घट्ट तितकी ताकद? नाही हो!

"चेन तारेसारखी घट्ट ठेवा, ढिली चेन ताकद खाते. जुनी झाली की पोलाद ताणून ती लांबते. मागचं स्प्रॉकेट (दातेरी चाक) मोठं लावा, पॉवर वाढेल." हा मजकूर पुन्हा फिरू लागला आहे. तिन्ही वाक्यं चुकीची, आणि पहिलं तर यंत्राच्या मुळावर येणारं.

घट्टपणाची कल्पना बहुधा पट्ट्यावरून उचललेली. सपाट पट्टा पुलीला घर्षणाने धरतो, म्हणून तो बसवतानाच ताणावा लागतो. चेनचं तसं नाही. तिचे रोलर (सांध्यांवरची फिरती नळकांडी) दात्यांमधल्या खाचेत बसतात आणि दातेच तिला ओढतात. भार सगळा ओढणाऱ्या बाजूवर, परतीची बाजू जवळपास मोकळी. ती आवळून जास्तीची ताकद पुढे जात नाही, बेअरिंग आणि पिना तेवढ्या लवकर झिजतात. म्हणूनच आडव्या चेनला दोन शाफ्टमधल्या अंतराच्या साधारण 2 ते 4 टक्के झोळ मुद्दाम ठेवतात. अंतर 500 मिमी असेल तर 10 ते 20 मिमी. (झोळ मोजताना चाक फिरवत दोन-चार ठिकाणी बघा. एका जागी ढिली वाटणारी चेन दुसरीकडे ताठ निघते.) फारच ढिली चेन दात्यांवरून उडी मारते, हे मान्य. पण जुळणी सरळ आणि वंगण नीट असेल, तर रोलर चेन 98 टक्क्यांच्या आसपास ताकद पोचवते. मग खाल्ली कुठे?

आता 'ताणून लांबते'. रोजच्या भाराने साइड प्लेटा कायमच्या ताणल्या जात नाहीत. झिजतात ते सांध्यातली पिन आणि बुश (पिनेभोवतीची नळी). सायकलच्या चेनचा पिच, म्हणजे लागोपाठच्या दोन पिनांमधलं अंतर, 12.7 मिमी. 100 सांध्यांत सरासरी 0.06 मिमी झीज धरली, तरी चेन 6 मिमी लांबते, म्हणजे जवळजवळ अर्धा टक्का. मग रोलर दात्यांच्या टोकाकडे चढू लागतात. तेलही म्हणून प्लेटांच्या फटीत सोडायचं, नुसतं रोलरच्या पाठीवर नाही.

पॉवरचं एका ओळीत: 15 दात्यांवरून 45 वर गेलात की टॉर्क (फिरवण्याचा जोर) तिप्पट, फेरे एक तृतीयांश, दोघांचा गुणाकार म्हणजेच पॉवर, तो तोच, उलट थोडा कमीच.

चेनला नाव ठेवायचंच तर खरा दोष वेगळा आहे. स्प्रॉकेटवर ती वर्तुळात नाही, बहुभुजात वळते. त्यामुळे वेग सारखा कमीजास्त होतो. 11 दात्यांवर हा फरक सुमारे 4 टक्के, 25 दात्यांवर 1 टक्क्याहून कमी. चेन कितीही आवळा, तो हटत नाही. त्यासाठी दाते वाढवावे लागतात.