जुन्या व्यंगचित्रावर कात्री कशी चालवावी

आपण दिवाळी अंकाचे संपादक असाल आणि कुणा भाबड्या लेखकाने एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन विनोदी साप्ताहिकांवर लेख पाठवला असेल, तर घाबरून जाऊ नये. पुढील प्रत्येक उपाय यंदा माझ्याच लेखावर करून पाहण्यात आला असून तो गुणकारी ठरला आहे.

चित्र कुणाचेही असो, खाली प्रसिद्ध अमेरिकन व्यंगचित्रकार थॉमस नॅस्टचे नाव छापावे. रिपब्लिकन पक्षाचा हत्ती त्याने १८७४ साली ‘हार्पर्स वीकली’त काढला, हे कुणीतरी कुठेतरी वाचलेले असतेच. मग ‘पक’ हे साप्ताहिक व्हिएन्नाहून आलेल्या व्यंगचित्रकार जोसेफ केप्लरचे, न्यू यॉर्कमध्ये ते १८७६ साली आधी जर्मनमध्ये आणि पुढच्या वर्षी इंग्रजीत निघाले, हा तपशील आपोआप निरुपयोगी ठरतो.

रंगीत शिळाछाप हेच ‘पक’चे वैभव असल्याने त्यातील चित्रे आवर्जून काळीपांढरी छापावीत.

आता मुख्य काम. केप्लरचे जानेवारी १८८९ मधील ‘सिनेटचे धनी’ (सिनेट म्हणजे अमेरिकन संसदेचे वरिष्ठ सभागृह) हे चित्र घ्यावे. पुढे बाकांवर बाहुल्यांएवढे सिनेटर बसले आहेत आणि त्यांच्यामागे पैशांच्या थैल्यांसारखी पोटे घेऊन पोलाद, तांबे, तेल, साखर यांचे ट्रस्ट, म्हणजे मक्तेदार कंपन्यांचे गट, भिंतीसारखे उभे आहेत. वर डावीकडे, प्रेक्षकांच्या सज्जाशी, एक लहानसे दार आहे. त्यावर ‘जनतेचे प्रवेशद्वार’ अशी पाटी असून ते अडसर घालून बंद केलेले आहे. मूळ चित्र दोन पानांचे, आपल्याकडे जागा अर्ध्या पानाची, त्यातही शेजारी सराफी पेढीची जाहिरात. तेव्हा डावी बाजू छाटून टाकावी. त्या काळी सिनेटरांना मतदार नव्हे, तर राज्यांची विधिमंडळे निवडून देत असत, ती पद्धत १९१३ पर्यंत टिकली, आणि ती सगळी तक्रार त्या एका दारात होती, हे लेखकाने फोनवर कितीही कळवळून सांगितले तरी “पण जाडी माणसं आहेत ना, तीच तर गंमत आहे,” असे उत्तर द्यावे. केप्लरने ते दार काय कोपरा रिकामा दिसत होता म्हणून काढले होते?

विनोद कंसात समजावून सांगावा.

नॅस्ट आयरिश माणसाला माकडाचा चेहरा देई आणि कॅथलिक बिशपांच्या मगरी करी, हा परिच्छेद ‘भावना दुखावतील’ म्हणून गाळावा, म्हणजे व्यंगचित्रकार संत ठरतो आणि लेख निवेदनासारखा सोवळा होतो.

पुरे झाले. अहो, जागा नव्हती तर तसे कळवायचे होते, मी लेख परत घेतला असता. नुसते पान सजवायचे होते तर रांगोळी छापायची होती. प्रूफ दाखवले नाही, पाठवलेल्या फाइलवर चित्रकाराचे नाव होते तेही कुणी वाचले नाही, आणि वर माझेच नाव ठळक अक्षरांत घातले, म्हणजे आता त्या चुका माझ्या! पुढच्या अंकात चूक कबूल करा आणि चित्र अख्खे छापा, दारासकट.