“थोडंसं दुखेल हं मावशी”

हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटलेत. कोल्हापुरात गायनॅकच्या ओपीडीत सिस्टर म्हणून बरीच वर्षं काढली, आज स्पष्टच लिहिते, कुणाला राग आला तर येऊ दे.

गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला घेतात ना, एंडोमेट्रियल बायोप्सी, त्याची अवजारं चार प्रकारची. जुनं म्हणजे नोव्हाक क्युरेट, धातूचं, सरळ खरवडायचं. व्हाब्रा पण धातूचंच, वर मागं सक्शन मशीन. आता पायपेल आलीय, ३.१ मिलीमीटरची मऊ प्लास्टिकची नळी, आतला दांडा मागं ओढला की अस्तर आपोआप नळीत येतं. काही ठिकाणी ४ मिलीमीटरचा कारमन कॅन्युला, म्हणजे नळीच, आणि सिरिंज वापरतात. नोव्हाक आणि व्हाब्रापेक्षा पायपेलला कमी दुखतं हे अभ्यासात दिसलंय, आणि कॅन्सर सापडण्यातही ती मागं नाही, २००० साली ३९ अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा पाळी गेलेल्या बायकांत कॅन्सर ओळखण्याचं प्रमाण ९९.६ टक्के निघालं. पॉलिपसारखं, म्हणजे अस्तरावर वाढलेल्या मांसल गाठीसारखं, एका कोपऱ्यातलं काही असेल तर मात्र नळीतून निसटू शकतं. तरी जागेपणी धातूनं खरवडायचा हट्ट कशाला, हे मला अजून कळलेलं नाही.

पण खरी गोम पुढं आहे. दुखणं मोजतात कसं, तर ० ते १० मध्ये आकडा सांगा म्हणायचं. आता कागल-गडहिंग्लजकडनं आलेली, तीन बाळंतपणं घरात काढलेली आक्का काय सांगणार? “बाळतपणापुढं काय हाय ओ हे, दोन लिवा.” आणि माझा हात तिनं असा आवळलेला असतो की बांगडीचा वण उठलाय. त्यात ज्या डॉक्टरांनी नळी घातली तेच विचारतात, दुखलं का हो? त्यांच्या तोंडावर नऊ कोण म्हणेल? ज्यांना मूल झालेलं नाही किंवा पाळी जाऊन बरीच वर्षं झालीत त्यांना पिशवीचं तोंड घट्ट असल्यानं जास्तच कळ येते, त्या गप डोळे मिटून पडतात, त्यांचं दुखणं सरासरीत बुडून जातं.

आणि सगळा दोष नळीचा पण नसतो. निम्म्या जणी पायपेल आत जायच्या आधीच, पिशवीचं तोंड धरायचा व्हल्सेलमचा चिमटा लागला की दचकतात. पायपेलला तो दरवेळी लागतोच असं नाही, पण सवयीनं लावला जातो. तासभर आधी ब्रुफेनसारखी गोळी, भुलीचं जेल किंवा इंजेक्शन, यातलं काय देता येईल हे बाईला सांगायला किती वेळ लागतो? २०२५ मध्ये अमेरिकेतल्या गायनॅक डॉक्टरांच्या संघटनेनंही असे पर्याय आधी समजावून सांगा म्हणून लिहून काढलं. आपल्याकडं बाहेर बसलेल्या दाजींना रिपोर्ट कधी, बिल किती सगळं सांगतात, टेबलावरच्या बाईला “सैल सोडा, सैल सोडा” एवढंच.

तर जाणार असाल तर बिनधास्त विचारा, कुठली नळी, गोळी कधी घेऊ, आणि मध्येच थांबा म्हटलं तर थांबाल का. दम्याचा किंवा अल्सरचा त्रास असेल तर गोळीआधी सांगा, उपाशी पोटी येऊ नका. झाल्यावर लगेच टुणकन उठू नका, चक्कर येते, बाहेर रिक्षावाला हॉर्न मारत असला तरी मारू दे.