डिजिटल केबल आलं म्हणून व्हीसीआर भंगारात काढू नका

"३१ मार्चनंतर तुमचा व्हिडिओ रेकॉर्डर कायमचा बंद! काय घ्यावं, काय टाकावं, जरूर वाचा" असा एक ईमेल २०१३ च्या सुरुवातीला सगळीकडे फिरत होता. पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, नाशिक, औरंगाबाद, नागपूर, सोलापूर, म्हणजे महाराष्ट्रातल्या ज्या नऊ शहरांत ३१ मार्च २०१३ ला केबलचं जुनं अॅनालॉग (बॉक्सशिवाय दिसणारं) प्रक्षेपण बंद व्हायचं होतं तिथल्या प्रत्येकाकडे तो एकदा तरी आला असणार. मी तो डिलीट करून टाकला असता. पण नाशिकला आत्याच्या सोसायटीत कुणीतरी त्याची प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावली, आणि आत्याने व्हीसीआर आणि कॅसेटींची अख्खी पेटी भंगारवाल्याला द्यायला दारापाशी आणून ठेवली, वर आतेभावाला न्यू जर्सीला निरोप धाडला की येताना तिकडून डिजिटल रेकॉर्डर घेऊन ये. फोनवर सहज विषय निघाला म्हणून कळलं तरी. मग गप्प बसवेना.

ईमेलमध्ये थोडक्यात पाच गोष्टी होत्या. एक, जुने व्हीसीआर आणि डीव्हीडी रेकॉर्डर निकामी होणार, जुन्या कॅसेटी पण दिसणार नाहीत, सगळं काढून टाका. दोन, १ मार्च २००७ नंतर बनलेलाच रेकॉर्डर घ्या कारण त्यात कायद्याने डिजिटल ट्यूनर (चॅनल पकडणारा भाग) असतो, परदेशातून मागवला तर उत्तम. तीन, किंवा मग रेकॉर्डिंगवाला सेट टॉप बॉक्स घ्या, त्यातलं रेकॉर्डिंग आयुष्यभर तुमचं, पेन ड्राइव्हवर घेऊन कुठेही बघा. चार, जुना टीव्ही चालणार नाही आणि एचडी रेकॉर्डर नसेल तर चित्र येणार नाही. पाच, बॉक्स केबलवाल्याकडूनच, पूर्ण पैसे भरून विकत घ्यावा लागेल.

आधी कॅसेटींचं, कारण बाकीच्या चुकांनी फार तर पैसे जातील, इथे जे जाईल ते परत मिळणार नाही.

कॅसेट लावून बघायला व्हीसीआरला केबल लागत नाही, अँटेना लागत नाही, काहीच लागत नाही. हेडवरून टेप फिरते, चित्र निघतं, वायरीने टीव्हीत जातं. बाहेर प्रक्षेपण अॅनालॉग आहे का डिजिटल याचा त्या टेपशी संबंध काय? पूर्वी आपण व्हीसीपी (नुसती कॅसेट दाखवणारं मशीन) भाड्याने आणायचो आणि रात्रभर ओळीने पिक्चर बघायचो, त्या व्हीसीपीत ट्यूनर नसायचाच, तरी चालायचा ना? मग ३१ मार्चला रात्री बारा वाजता लग्नाची कॅसेट कोरी कशी होणार होती? हे लिहिणाऱ्याने एकदाही विचार केला नाही आणि पुढे पाठवणाऱ्यांनी पण नाही, याचा मला खरंच राग येतो. आत्याच्या त्या पेटीत मुंजीची कॅसेट आहे, आजोबांच्या पंच्याहत्तरीची आहे, दूरदर्शनवरून रेकॉर्ड केलेली नाटकं आणि मैफली आहेत. नाटकं परत कधी लागतील न लागतील, आजोबा बोलताना तर दुसरीकडे कुठेच दिसणार नाहीत.

आणि व्हीसीआर टाकणं हे तर उलटं काम झालं. कॅसेटी डीव्हीडीवर किंवा कॉम्प्युटरवर घ्यायच्या तर चालू व्हीसीआर लागतोच, दुकानात नवीन आता बघायलाही मिळत नाही, दुरुस्त करणारे कमी होत चाललेत. म्हणजे आज घरात चालू मशीन असेल तर ते जपायचं आणि टेपा उतरवून घ्यायच्या. कोकणात, मुंबईत, जिथे पावसाळ्यात कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथे टेपेला पण येते, कॅसेटच्या खिडकीतून रिळावर पांढरे डाग दिसले तर ती कॅसेट तशीच मशीनमध्ये घालू नका, हेड खराब होईल आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीही त्यातच खराब होतील, ती आधी साफ करून घ्या. फोटो स्टुडिओवाले डीव्हीडी करून देतात, पण डीव्हीडी मिळाली म्हणून मूळ कॅसेट तिथेच सोडून येऊ नका, आणि ती डीव्हीडी स्टुडिओतल्या मशीनवर नाही तर स्वतःच्या प्लेअरवर शेवटपर्यंत लावून बघा.

याच मुद्द्यात एक अर्धं खरं आहे ते मान्य करायला लागेल. जुन्या रेकॉर्डरच्या आतला ट्यूनर केबलच्या बाबतीत खरंच बिनकामाचा झाला. केबलची वायर सरळ व्हीसीआरच्या मागे खुपसायची, चॅनल लावायचा, टायमर टाकायचा, हे संपलं. एक चॅनल बघताना दुसरा रेकॉर्ड करायची सोय पण गेली, व्हीसीआरवर त्यासाठी आता दोन बॉक्स लागतील. पण रेकॉर्डिंगच बंद? अजिबात नाही. बॉक्सच्या मागे पिवळं, लाल, पांढरं असं एव्ही आउट असतं, ते रेकॉर्डरच्या एव्ही इनला जोडायचं, रेकॉर्डरचं आउट टीव्हीला, आणि रेकॉर्डरवर चॅनलच्या जागी एव्ही किंवा लाइन निवडायचं. बॉक्सवर जो चॅनल लागलाय तो रेकॉर्ड होतो. टायमर लावायचा असेल तर बॉक्स त्या चॅनलवर चालू ठेवून बाहेर जायचं, आणि मधे लाइट गेली तर बहुतेक बॉक्स परत चालू झाल्यावर स्वतःच्याच जाहिरातीच्या चॅनलवर जाऊन बसतात किंवा बंदच राहतात, त्यामुळे लोडशेडिंगच्या गावात टायमरवर फार भिस्त ठेवू नका, नाहीतर बॉक्स आणि रेकॉर्डर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. कटकट आहे, नाही म्हणत नाही. पण मशीन मेलेलं नाहीये. डीव्हीडी रेकॉर्डरचं पण हेच, फक्त दोन तासांच्या एसपी मोडवर तीन तासांचं नाटक बसणार नाही, चार तासांचा एलपी लावा, आणि शेवटी डिस्क फायनलाइज करा, नाहीतर दुसऱ्याकडच्या प्लेअरवर ती उघडणार नाही.

आता दुसरा मुद्दा, १ मार्च २००७ वाला. ही तारीख वाचून मी चक्रावलो कारण २००७ साली आपल्याकडे असला कुठलाच कायदा झाला नव्हता. मग लक्षात आलं, ही तारीख अमेरिकेची आहे! तिथल्या एफसीसीचा (दूरसंचार आयोगाचा) नियम होता की १ मार्च २००७ पासून ट्यूनर असलेल्या प्रत्येक टीव्हीत, व्हीसीआरमध्ये, डीव्हीडी रेकॉर्डरमध्ये डिजिटल ट्यूनर हवाच. तो त्यांच्या अँटेनाच्या प्रक्षेपणासाठी होता, आणि तिथल्या मोठ्या स्टेशनांचं अॅनालॉग प्रक्षेपण १२ जून २००९ ला बंदही झालं. म्हणजे कुणीतरी तिकडचा जुना सल्ला उचलला, त्यात ३१ मार्च आणि नाशिक-पुणे घातलं आणि दिला सोडून.

आपल्याकडे झालं ते वेगळं आहे आणि ते कायद्यात स्पष्ट लिहिलंय. केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स कायद्यात २०११ साली जी दुरुस्ती झाली तिचं कलम ४अ वाचा. केबलवाल्याने कुठल्याही चॅनलचे कार्यक्रम एन्क्रिप्ट करून, डिजिटल अॅड्रेसेबल यंत्रणेतूनच (प्रत्येक बॉक्स केबलवाल्याला वेगळा ओळखता येईल अशा) द्यायचे, असं त्यात आहे. कुठल्याही चॅनलचे, म्हणजे फुकटचे चॅनल पण आले. या एका वाक्यात अर्ध्या ईमेलचं उत्तर आहे. सिग्नलला कुलूप आहे आणि किल्ली तुमच्या केबलवाल्याच्या बॉक्समध्ये आहे, त्यामुळे रेकॉर्डरमध्ये कितीही भारी डिजिटल ट्यूनर असू दे, जपानचा असू दे नाहीतर अमेरिकेचा, तो केबलचा चॅनल उघडू शकत नाही. आणि हे कलम केबलवाल्यांना लागू आहे. गच्चीवरच्या अँटेनावर दूरदर्शन बघणाऱ्यांचं ३१ मार्चला काहीही बंद होत नव्हतं, त्यांचा व्हीसीआर तेव्हा सह्याद्री पूर्वीसारखाच रेकॉर्ड करणार होता.

अमेरिकेतून आणलेल्या रेकॉर्डरचं तर बोलूच नका. तिथला डिजिटल ट्यूनर एटीएससी नावाच्या पद्धतीचा, ती आपल्याकडे नाही. तिथे १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०, म्हणजे ट्रान्सफॉर्मर आला. तिथल्या चित्राची पद्धत एनटीएससी, आपल्या बॉक्समधून येतं ते पाल पद्धतीचं, म्हणजे एव्हीने जोडला तरी चित्र काळंपांढरं येईल, नाहीतर फिरत बसेल. लंडनवाल्या नातेवाइकांना पण सांगून ठेवा, तिथले फ्रीव्ह्यूचे रेकॉर्डर तिथल्या अँटेनासाठी आहेत, इथल्या केबलवर शोभेची वस्तू. परदेशातली आपली माणसं आईवडिलांसाठी हौसेने बॅगेत वजन सोसून वस्तू आणतात, त्यांना असं फसवू नये. आतेभावाला मी त्याच रात्री कळवलं म्हणून वाचला.

तिसरा मुद्दा दिसायला सगळ्यात शहाणपणाचा आहे आणि म्हणून त्यावर लोक पैसे घालतील. रेकॉर्डिंगवाला बॉक्स चांगला असतो का? हो, चांगला असतो. टाटा स्काय प्लस २००८ मध्ये आला, त्यानंतर इतर डीटीएचवाल्यांनीही आणले. आतल्या हार्ड डिस्कवर प्रक्षेपण आहे तसंच साठवलं जातं, एव्हीतून फिरून येत नाही, त्यामुळे चित्र मूळच्याइतकंच स्वच्छ. चालू मॅच थांबवता येते, सिरियल आठवडाभर आपोआप रेकॉर्ड होते, दोन ट्यूनरवाला असेल तर एक बघताना दुसरं रेकॉर्ड होतं. रोजच्या मालिका उशिरा बघून पुसून टाकायच्या असतील तर तेव्हा याच्याइतकं सोयीचं काही नव्हतं, आत्याला पण मी हेच सुचवलं.

पण "आयुष्यभर तुमचं" हे साफ खोटं. त्या डिस्कवरचं रेकॉर्डिंग पण एन्क्रिप्ट केलेलं असतं आणि ते त्याच बॉक्सशी, त्याच वर्गणीशी बांधलेलं असतं. डिस्क काढून कॉम्प्युटरला लावली तर काही दिसत नाही. काही बॉक्सना बाहेरून पेन ड्राइव्ह लावून रेकॉर्ड करता येतं, त्यालाच बहुतेक हा ईमेलवाला भुलला असावा, पण तो पेन ड्राइव्ह शेजारच्या घरी नेला तर तिथेही चालत नाही, त्याच बॉक्सवर चालतो. रिचार्ज थांबवलं की रेकॉर्डिंगही अडकतं. आमच्याकडे एकदा बॉक्स बिघडला, कंपनीचा माणूस आला, पाच मिनिटांत नवीन बॉक्स लावला आणि जुना बगलेत मारून निघून गेला, त्यातलं सगळं रेकॉर्डिंग त्याच्याबरोबर गेलं, आणि तक्रार केली तर उत्तर मिळालं की रेकॉर्डिंगची जबाबदारी आमची नाही. त्यामुळे रेकॉर्डर निवडताना पहिल्यांदा हे ठरवा की नुसतं नंतर बघायचंय का जपून ठेवायचंय. नंतर बघायचं तर बॉक्स. जपून ठेवायचं, भाची टीव्हीवर गायलीय, गावच्या यात्रेची बातमी लागलीय, तर बॉक्सच्या एव्ही आउटमधून जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरवर, नाहीतर कॉम्प्युटरच्या टीव्ही ट्यूनर कार्डाच्या एव्ही इनपुटवर घ्या. चित्र थोडं मऊ येईल, पण डिस्क तुमच्या हातात राहील आणि कुठल्याही प्लेअरवर लागेल. आणि हे ज्या मशीनवर होतं तेच मशीन भंगारात टाका म्हणून ईमेल सांगत होता!

चौथ्यात फार वेळ घालवत नाही. डिजिटल म्हणजे एचडी नव्हे. साधा चॅनल एचडी रेकॉर्डरमध्ये घातला तर साधाच निघतो, एचडी चॅनल वेगळे, त्यांचे पैसे वेगळे, बॉक्स वेगळा. आणि पिवळ्या वायरीतून एचडी कधीच येत नाही, त्यामुळे जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरसाठी एचडीचा विचारच नको. घरातला डबा टीव्ही पण बदलायची गरज नाही, एव्हीचं भोक असेल तर झालंच, अगदीच जुना असून ते नसेल तर अँटेनाच्या भोकातून जोडता येईल असा आरएफ आउटवाला बॉक्स मागा, किंवा मधे मॉड्युलेटर (एव्हीचा सिग्नल अँटेनाच्या भोकातून जाईल असा करणारा डबा) लावा. मुंबईत हे सगळं ३१ ऑक्टोबर २०१२ ला होऊन गेलं होतं, तिथल्या लोकांनी काय सगळे टीव्ही फेकून दिले?

पाचवा मुद्दा केबलवाल्याच्या सोयीचा आहे, म्हणून तो इतका पसरला असेल असं मला वाटतं. बॉक्स लागणार हे खरं. पण विकतच घ्यायचा असं नाही, ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१२ च्या नियमांप्रमाणे विकत, हप्त्याने आणि भाड्याने असे तिन्ही पर्याय ग्राहकाला द्यायला हवे होते. केबल नको असेल तर डीटीएच घ्यायलाही मोकळीक आहे. घरात दोन टीव्ही असतील किंवा एक बघून दुसरं रेकॉर्ड करायचं असेल तर दुसऱ्या बॉक्सचं भाडं आणि महिन्याची वर्गणी किती हे आधीच विचारा, आणि बॉक्स बघताना मागे एव्ही आउट आहे ना हे स्वतः वाकून बघा, दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. अर्ज भरून घेतील त्याची प्रत मागून घ्या, पैसे दिले की पावती घ्या, आणि पावतीवर विकत का भाड्याने ते लिहून घ्या.