भित्तिचित्रांपलीकडचं जॉर्जटाउन

मलेशियातल्या पेनांग बेटावरच्या जॉर्जटाउन शहराच्या छायाचित्रणावरचा लेख वाचला. फोटो सुरेख आहेत, पण 'आर्मेनियन स्ट्रीटवरची भित्तिचित्रं हाच जॉर्जटाउनचा चेहरा' हे लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. त्यातलं ते सायकलवरच्या मुलांचं प्रसिद्ध चित्र 2012 मध्ये भिंतीवर आलं. शहराचा खरा चेहरा तिथून पाच मिनिटांवर आहे, जुन्या पिट स्ट्रीटवर. तमिळ मुसलमान व्यापाऱ्यांची 1801 ची कपितान केलिंग मशीद, 1818 चं सेंट जॉर्ज चर्च, करुणेची देवी क्वान यिन हिचं चिनी देऊळ आणि मागच्या क्वीन स्ट्रीटकडे तोंड असलेलं 1833 चं मरिअम्मन मंदिर, सगळं एका फेरीत. 2008 मध्ये युनेस्कोने मलेशियातल्याच मलाक्का शहरासोबत जॉर्जटाउनला जागतिक वारसा ठरवलं ते यासाठी. तेव्हा ही चित्रं नव्हतीच!

मी तिथे सकाळी सातला गेले होते. क्वान यिनच्या अंगणात पुरुषभर उंचीच्या उदबत्त्या जळत होत्या आणि त्या निळसर धुरातून तिरपं ऊन येत होतं. एक आजी हात जोडून उभ्या होत्या. मी कॅमेरा दाखवून खुणेनेच विचारलं, त्यांनी मान हलवून नको म्हटलं. मग नुसती बघत राहिले. लेखात लेन्सबद्दल इतकं लिहिलंय, पण प्रार्थना करणाऱ्या माणसाला आधी विचारावं, हे एका ओळीतही नाही. ते यायलाच हवं होतं.