सीमावाद आणि कार्बन: खानापूरच्या वाचकांना उत्तर

नमस्कार. 'नेट झिरोसाठी राज्यांनी एकत्र बसावं' (नेट झिरो म्हणजे हवेत सोडला तेवढा कार्बन परत शोषला जाणं) या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, "१९५६ पासून ज्यांना गावं कुणाची हे ठरवता येईना, ते कार्बनचं काय ठरवणार? धूर अमेरिकेने सोडायचा आणि चिमटा आमच्या पोटाला?"

दुसऱ्या प्रश्नावर वाद नाही. आपल्याकडे माणशी कार्बन डायऑक्साइड वर्षाला दोन टनांच्या आसपास, अमेरिकेत त्याच्या सहा-सात पट. आधी त्यांनीच कमी करायला हवा.

पहिला प्रश्न मात्र मला पटत नाही. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. तो तिथे असतानाच २०१९ चा महापूर आला, तिकडे सांगली-कोल्हापूर बुडालं, इकडे आपला बेळगाव जिल्हा. पुढे जून २०२१ मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे जलसंपदामंत्री जयंत पाटील बेंगळुरूला जाऊन कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुरप्पांना भेटले. बोलणं कृष्णेच्या पाण्याचं होतं, वरच्या महाराष्ट्रातल्या धरणांतून किती सुटतंय आणि खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती, याचा मेळ बसावा म्हणून. त्यासाठी कुणालाही दावा मागे घ्यावा लागला नाही. दावा चालू राहू दे, पण कार्बनवरही असंच बोलणं व्हावं, मी इतकंच मागते आहे.

आणि मेळ नसला तर काय होतं, तेही आपण पाहिलंय. महाराष्ट्रातल्या वीजदराला वैतागून कोल्हापूरच्या उद्योजकांनी कर्नाटकात येण्याची भाषा केली होती, आठवतं ना? उद्या एका राज्याने कार्बन सोडण्यावर आकार, म्हणजे कर, लावला आणि दुसऱ्याने नाही, तर भट्टी कागलहून उठून निपाणीला येईल. धूर तेवढाच राहील, रोजगार मात्र एकाचा जाईल. म्हणून दर आणि तारीख सगळ्यांनी मिळून ठरवावी लागते. केंद्र आणि राज्यं मिळून कराचं ठरवतात त्या जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक-तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन-तृतीयांश, आणि निर्णयाला तीन-चतुर्थांश लागतात. म्हणजे एकट्या कुणाचंच चालत नाही. कार्बनसाठी अशी बैठक का नको?

नाहीतर दर युरोप ठरवणार आहे. २०२६ पासून तिथे जाणाऱ्या लोखंड, अॅल्युमिनियमवर, अगदी नट-बोल्टवरही, कार्बनचा आकार सुरू झालाय. मूळ देशात कार्बनची किंमत आधीच भरली असेल तर तेवढी वजावट मिळते. मग तो पैसा तिकडे का जाऊ द्यायचा? इथेच गोळा करून इथल्याच कारखान्यांना द्यावा.

बेळगावच्या उद्यमबागेत माझ्या चुलतभावाची फाउंड्री, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना, आहे. पूर्वी कोकवर, म्हणजे भाजलेल्या दगडी कोळशावर, चालणारी क्युपोला भट्टी होती. लोखंडाचा रस काढायच्या दिवशी तो घरी यायचा तेव्हा कॉलरच्या आतली बाजूसुद्धा काळी झालेली असायची. आता त्याने विजेवर चालणारी इंडक्शन भट्टी बसवली, शेडमध्ये धूर उरला नाही. पण ती वीज कोळशाची असेल, तर तोच धूर रायचूरच्या वीजकेंद्राच्या चिमणीतून निघतो. उद्योग खात्याने नुसती भट्टी बदलायला लावून भागत नाही, ऊर्जा खात्याने वीजही बदलायला हवी. मला हे सगळ्यांत जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि याला सीमा आडवी येत नाही. ही दोन्ही खाती एकाच सरकारची आहेत.

भट्टीचं कर्ज सात वर्षांचं आहे. परवा त्याने मला विचारलं, "ताई, पाच वर्षांनी विजेचा दर काय असेल, कुणी सांगेल का?" मी त्याला काय सांगू, तुम्हीच कळवा.