‘५जी आलं की झालं’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नेक्स्टव्हीआर, म्हणजे व्हीआरमधून (डोक्याला हेडसेट लावून, आपण तिथेच असल्यासारखे) सामने थेट दाखवणारी कंपनी. तिच्यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी सारांश: लेख म्हणजे इंग्रजी मासिकांचं उष्टं आहे, एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या पहिल्या थेट व्हीआर सामन्याची तारीख चुकली आहे, ‘तेव्हा नेट स्लो होतं म्हणून कंपनी बुडाली, ५जीने तो प्रश्न सुटला आणि चक्करही थांबली, एवढी साधी गोष्ट लेखकाला कळू नये?’, आणि डोक्याला डबा बांधून अडीच तास सामना बघणार कोण?

आधी तारीख. चूक माझीच. वॉरियर्स विरुद्ध पेलिकन्स हा सामना २७ ऑक्टोबर २०१५ चा, मी डिसेंबर लिहिलं होतं. दुरुस्त केलंय, आभार.

आता ‘उष्टं’. टीका जरूर करा, पण दहा वर्षं व्हिडिओ एन्कोडिंगवर (व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या कामावर) पोट भरणाऱ्याला मासिकांचं उष्टं खाणारा म्हणायचं असेल, तर निदान पुढचं वाक्य तरी बरोबर असावं. ते नाही. आणि ‘एवढी साधी गोष्ट’ म्हणालात म्हणून ती साधी का नाही, ते नीट सांगतो.

३६० अंशांच्या व्हिडिओत ४के म्हणजे आडवे ३८४० पिक्सेल (चित्राचे ठिपके), पण ते अख्ख्या वर्तुळावर पसरलेले. हेडसेटमधून एका वेळी दिसतात साधारण ९० अंश. म्हणजे समोर येतात ९६० पिक्सेल, अंशाला जेमतेम ११. चांगली नजर अंशाला ६० पर्यंत फरक ओळखते, आणि क्वेस्ट २ या हेडसेटचा पडदा अंशाला २० च्या आसपास दाखवू शकतो. फाइलमध्येच नसलेला तपशील ५जी कुठून आणणार? खेळांसाठी १८० अंश वापरतात ते याचसाठी. कॅमेऱ्याच्या पाठीमागे प्रेक्षकांचे गुडघे असतात, ते सोडले की तेच पिक्सेल दुप्पट दाट बसतात. पण थ्रीडी हवं तर दोन डोळ्यांची दोन चित्रं शेजारी-शेजारी ठेवावी लागतात, आणि कमावलेलं सगळं परत जातं. पुन्हा ११.

मग ८के पाठवा, असं म्हणाल. ७६८० गुणिले ३८४०, सेकंदाला ६० फ्रेम: सेकंदाला जवळपास १७७ कोटी पिक्सेल. ते उलगडायचं काम हेडसेटमधल्या डिकोडरचं, टॉवरचं नव्हे. २०१५ मध्ये हे सगळं सॅमसंगच्या गिअर व्हीआरवर, म्हणजे फोन अडकवलेल्या चौकटीत चालायचं. टीव्हीचं साधं ४के, ६० फ्रेमने, ५० कोटींवर थांबतं. फोनच्या चिपला तेही जड जायचं, आणि चिप तापली की ती आपला वेग आपणच कमी करते.

यावरचा उपाय टाइल्स. चित्राचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा स्वतंत्र एन्कोड करायचा. नजरेसमोरचे तुकडे उंची दर्जाचे मागवायचे आणि खाली संपूर्ण चित्राचा एक पातळ, कमी दर्जाचा थर सतत चालू ठेवायचा. तो थर काढला तर मान वळवल्यावर काळोख दिसेल. आता गंमत बघा: मान वळली की नवी टाइल हवी, पण टाइल मधूनच सुरू होत नाही, पुढच्या आय-फ्रेमसाठी (आधीच्या फ्रेमवर न विसंबणाऱ्या पूर्ण चित्रासाठी) थांबावं लागतं. दर दोन सेकंदांनी आय-फ्रेम असेल तर सरासरी एक सेकंद वाट पाहायची, मग नेटची लेटन्सी (उशीर) शून्य का असेना. चेंडू दुसऱ्या बास्केटकडे गेला, तुम्ही वळलात, जर्सीवरचा आकडा आधी मेणात बुडाल्यासारखा आणि मग खटकन धारदार. तो धूसर क्षण यामुळे येतो. आय-फ्रेम अर्ध्या सेकंदावर आणा, धूसरपणा घटेल. पण ती सगळ्यात जड फ्रेम असते, त्या चौपट झाल्या की त्याच दर्जाला बिटरेट (सेकंदाला लागणारा डेटा) चढतो. (बास्केटबॉलचा एक फायदा: सगळे एकाच बाजूला बघतात, त्यामुळे त्याच टाइल्स सीडीएनच्या (प्रेक्षकांजवळच्या सर्व्हरांच्या) साठ्यात तयार सापडतात. मैफलीत चारजण चारीकडे बघतात.)

आणि चक्कर! मान वळल्यावर चित्र फिरवतो तो हेडसेट, आधीच मेमरीत आलेल्या फ्रेममधून, वीसेक मिलिसेकंदांत. नेटचा तिथे हात लागतच नाही. डोकं गरगरतं ते कॅमेरा हलल्याने. डावं-उजवं चित्र उभ्या दिशेने जरासं सरकलेलं असलं, किंवा माणूस भिंगांपासून मीटरभराच्या आत आला, तर डोळे ताणून दुखतात. हे शूटिंगच्या वेळी सुधारायचं असतं.

आपल्याकडचंच बघा. २०२३ च्या आयपीएलला १,२९९ रुपयांचा जिओडाइव्ह हा हेडसेट आला, त्यात फोन आडवा ठेवायचा. फोनची रुंदी २४०० पिक्सेल, प्रत्येक डोळ्याला १२००, म्हणजे अंशाला तेरा-चौदा. ५जी असो की फायबर, पडदा तोच.

बाकीच्या मुद्द्यांना फार उत्तर नको. कंपनी ‘बुडाली’ नाही, २०२० मध्ये ॲपलने घेतली. अडीच तास कोण बघणार, हा आवडीनिवडीचा प्रश्न, त्यात मी पडत नाही.

एक करून बघा. ४के चा कुठलाही ३६० अंशांचा व्हिडिओ हेडसेटमध्ये उतरवून घ्या, वायफाय बंद करा आणि मग चालवा. धूसरच दिसेल. त्यानंतर जरूर लिहा. ‘उष्टं’ हा शब्द वगळलात तर उत्तर याहून लहान येईल.